गोविंदभाऊ खरंच सिनेमात होते

मंडळी, आज दुपारी मोबाईलवर एक जुना कृष्णधवल सिनेमा पाहत होते. हवालदाराच्या वेषात आमच्या राजुऱ्याचे गोविंदभाऊ दिसले. तीनदा मागे घेऊन पाहिलं, तेच होते.

तरुणपणी ते आठ वर्षं मुंबईत सिनेमात बारीकसारीक कामं करत होते. पण गाव म्हणायचं, "जेलमंदी होता." ऐंशीच्या दशकात याच बोलण्यावरून त्यांच्या मुलीची, म्हणजे माझ्या मैत्रिणीची, कमलची सोयरीक अडली. तेव्हा हाच सिनेमा टीव्हीवर लागणार होता. भाऊंनी मुलाकडच्यांना आमच्या घरी पाहायला बोलावलं.

सिनेमा संपला, भाऊ दिसलेच नाहीत. त्यांचा प्रसंग टीव्हीवर कापला होता, हे आज कळलं.

"काऊन खोटं बोलून राह्यले, भाऊ?" मुलाचा बाप म्हणाला. सगळे हसले. मीही हसले.

सोयरीक मोडली. कमलनं पुढं लग्नच केलं नाही. दोन वर्षांत भाऊ गेले.

आज तिला गडचांदूरला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "दवाखान्यात बाबानं मले इचारलं होतं, तुले तरी खरं वाटते का? मी नाई म्हटलं."

तिनं सिनेमा मागितला नाही. मी पाठवू का?