मोतीबाईचं रडणं

वडिलांचे दिवस उरकले आणि दुसऱ्याच सकाळी उज्ज्वला राठोड कॉलेजात हजर झाली. मी म्हटलं, "अवं, चार दिवस रजा टाक ना." तर म्हणते कशी, "विमलताई, कादंबरी अर्धी राह्यली हाय." जणू देवीलाल राठोड संपले होते आणि कादंबरीच तेवढी संपायची होती.

ती इंग्रजी शिकवते, मी मराठी. महागावजवळच्या बंजारा तांड्यातली, घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली पोर. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या कादंबऱ्या, त्यांतली पात्रं आणि प्रतीकं, यांवर तिनं पीएचडी केली. प्रतीक म्हटलं की तिला चेव यायचा. चहावर साय धरली तरी हिला त्यात काही ना काही दिसेल, असं मी चिडवायची आणि ती खळखळून हसायची. आता ती हसत नव्हती, रडतही नव्हती. खडू घेऊन फळ्यावर लिहीत होती.

अभ्यासक्रमातली ती जाडजूड कादंबरी तिच्या तोंडून ऐकून ऐकून मलाही पाठ झालेली. एका कप्तानाची तरुण विधवा. नवरा समुद्रात बुडालेला. अंगात कायम काळा झगा, आणि सासू तो उतरवू देत नाही. शेवटच्या प्रकरणात ती झगा शेगडीत टाकते. काळा झगा म्हणजे तुरुंग, आग म्हणजे सुटका, असं उज्ज्वला सांगायची आणि पोरं तेच पेपरात उतरवून पास व्हायची. मला विचाराल तर आमच्या कापसाच्या मुलखात धडधाकट कपडा जाळणं हीच मोठी शोकांतिका. पण मला विचारतं कोण!

हे सगळं पुस्तकात राहिलं असतं तर बरं झालं असतं.

तांड्यातल्या जुन्या बायका लग्नानंतर कानांजवळ केसांत चांदीच्या घुगऱ्या गुंफतात, त्यांच्या टोकाला टोपली नावाचा दागिना असतो. नवरा गेला की नात्यातल्या थोरल्या बायका ते सारं उतरवतात. देवीलालच्या मागं त्यांची बहीण बसंतीबाई तेलाची वाटी घेऊन भावजयीचे, म्हणजे उज्ज्वलाच्या आईचे, मोतीबाईचे केस सोडवायला बसली. उज्ज्वला मधे उभी राहिली.

"हात नको लावू, आत्या. मानूस मेला म्हणून बाईनं काहून उतरवाचं? बाई मेली तर मानूस काय उतरवते?"

प्रश्न बिनतोड होता. मी तिथं होते आणि मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. तांड्याचे नायक प्रेमसिंग म्हणाले, "पोरगी शिकेल हाय, तिचं ऐका." बसंतीबाईनं वाटी खाली ठेवली. मोतीबाईला कोणी काही विचारलं नाही.

तांड्यातल्या बायकांचं रडणं सुरातलं असतं. भेटायला आलेली बाई विधवेचे मोकळे केस बघते, गळ्यात पडते, आणि दोघी सूर धरून रडतात. गेलेल्याचं चालणं, बोलणं, बैलांना हाका मारणं, सारं त्या रडण्यात येतं. मोतीबाईकडेही बाया आल्या, थेट उमरखेडहून आल्या, आणि दारातच थबकल्या. जिच्या कानाशी घुगऱ्या वाजताहेत तिच्या गळ्यात पडून रडायचं तरी कसं? जित्या नवऱ्याला रडल्यासारखं व्हायचं ते. मग कोणी पावसाचं बोललं, कोणी सोयाबीनचं. चहा पिऊन उठल्या.

मोतीबाई रडली नाही. ताटातली भाकर तशीच राहू लागली. हाक मारली तर 'हां' म्हणायची, तेवढंच. डॉक्टरनं टॉनिक लिहून दिलं. उज्ज्वला रोज संध्याकाळी बसनं घरी जायची आणि मायलेकी समोरासमोर मुक्यानं बसायच्या.

"ताई, याडी अशीच सुकून जाईन," एकदा ती मला म्हणाली. याडी म्हणजे आई. बस किती वाजता आहे हे सांगावं अशा सपाट आवाजात ती हे म्हणाली. मला तिच्या आईपेक्षा हिचीच काळजी वाटली.

एका रविवारी मी तिला स्कूटीवर बसवून तांड्यात नेलं. घरात वेचलेल्या कापसाचा ढीग लागलेला होता आणि मोतीबाई त्याला टेकून बसली होती. बसंतीबाई चुलीपाशी होती. एरवी त्यांचं घरातलं बोलणं गोरबोलीत चालतं, पण मी बसले होते म्हणून असेल, मोतीबाई वऱ्हाडीत बोलली.

"उज्जू, हे काढ." तिचा हात केसांकडे गेला.

"काहून, याडी? कोनी काही म्हटलं का? हे काढाचा अर्थ समजते का तुले? याचा अर्थ असा होते का..."

"अर्थ तुह्या पुस्तकात राहू दे. आरशात पाह्यलं का मले त्याचीच बायको दिसते, रोज दिसते. मंग रडू कोनाले? बाया येतात अन् पान्यापावसाचं बोलून जातात. माहा मानूस मेला, अन् मले कोनी रडू देऊन नाही राह्यलं."

"मी तुह्याचसाठी केलं होतं, याडी."

"मले मालूम हाय."

बसंतीबाई उठून आली, तर मोतीबाईनं तिला हातानं थांबवलं. "इनंच अडवलं होतं, इनंच काढाव."

उज्ज्वला आईच्या मागं बसली. तिनं स्वतः हे दागिने कधी घातले नव्हते, गाठ कुठं सुटते हेही ठाऊक नव्हतं. आत्या सांगत गेली आणि ती दोरा सोडवत गेली. एका बाजूची चांदी निघाली, मग दुसऱ्या बाजूची. केस मोकळे झाले तेव्हा कळलं, बाई किती पांढरी झाली होती.

बसंतीबाईनं ते केस बघितले, सूर लावला आणि भावजयीच्या गळ्यात पडली. मोतीबाईचा आवाज बंद पडलेल्या हातपंपासारखा आधी नुसता कोरडा खरखरला आणि मग भरून आला. "माह्या अगुदर काहून गेला रे," असं ती म्हणत राहिली. शेजारच्या बाया हातातलं काम टाकून धावत आल्या आणि घर रडण्यानं भरलं. माझं त्या घराशी काय नातं? पण मीही रडले, पोटभर रडले.

उज्ज्वला तेवढी रडली नाही. चांदी मांडीवर घेऊन, परीक्षेच्या हॉलमध्ये बसते तशी ताठ बसून राहिली. आलेल्या प्रत्येकानं तिला एकच सांगितलं होतं, आईला सांभाळ. मीही तेच सांगितलं होतं.

रडता रडता मोतीबाई वळली. तिनं लेकीची मान धरून तिला जवळ ओढलं.

"तू काहून अशी बसली वं? तुहा बी बाप मेला ना."

उज्ज्वला तिच्याकडे बघत राहिली. "हो," म्हणाली. पुन्हा म्हणाली, "हो, याडी." मग तिचं तोंड लहान पोरीसारखं वाकडं झालं आणि तिनं आईच्या मोकळ्या केसांत डोकं खुपसलं.