म्हशीसाठी नेसलेलं लुगडं

मला भिशी लागली आणि त्याच संध्याकाळी आमच्या अनगोळच्या घरात जो तो खर्चाचे बेत करायला लागला. नवऱ्याला इन्व्हर्टर हवा होता, लेकीला फोन आणि मला वॉशिंग मशीन. मनातल्या मनात मी ते मोरीशेजारी बसवूनही टाकलं होतं. राहता राहिल्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई. विचारायचं म्हणून विचारलं, "आत्ती, तुम्हाला काय घ्यायचं?"

"मला काय नको गं. दोन-तीन दीस मिळाले तर बघ. सदलग्याला आक्काकडं जाऊन येतो."

आक्का ही त्यांची थोरली बहीण. दोघींच्या भेटी व्हायच्या त्या लग्नात नाहीतर मयताला, त्याही उभ्याउभ्या. हल्ली आक्कांना कमी दिसायला लागलं होतं. त्यांना आपला चेहरा दिसतोय तोवर जाऊन यावं, एवढंच आत्तींच्या मनात होतं. पूर्वी बसभाड्याचं कारण असायचं. आता आमच्याकडे सरकारी गाडीत बायकांनी आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट मिळतं. भाड्याचं कारण गेलं, पण सवड काही फुकट मिळेना. आमच्या शेताचं सगळं आत्तीच बघायच्या.

त्यातच देवीच्या यात्रेआधीची वार पाळणूक सुरू होणार होती. पाळणुकीत मंगळवारी आणि शुक्रवारी कुणी शेतात पाय ठेवत नाही, भांगलणीला, म्हणजे तण काढायला, बाई मिळत नाही आणि कुणी मागतही नाही. माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. मंगळवारी जायचं आणि शुक्रवार तिकडंच घालवून यायचं, मधले दोन दिवस तेवढे बुडतील. देवीनंच रजा मंजूर केलेली, मग अडवणार कोण? मी हरखून तिथल्या तिथं जाहीर केलं, "आत्ती, मंगळवारी निघायचं."

"आणि म्हस? तिला वार कळत्यात व्हय?"

इथं आमचं घोडं अडलं. आमची म्हैस आत्तींशिवाय कुणाच्या हाताला दूध देत नाही. मी निपाणीची, भर बाजारपेठेत वाढलेली, मला धार काढता येत नाही. नवऱ्यानं लहानपणी काढलेली, पण आता तो ऑफिसात बसून कन्नडमध्ये टिपणं लिहितो. तरी रविवारी तो बादली घेऊन मोठ्या ऐटीत बसला. म्हशीनं एकदा मागं वळून पाहिलं आणि लाथ घातली. बादली एकीकडे, साहेब दुसरीकडे.

आत्तींनी बादली उचलली. "ऱ्हाऊ दे. आक्का काय कुठं पळून चालली न्हाय," म्हणाल्या आणि स्वतःच धारेला बसल्या. मला फार वाईट वाटलं, आणि त्या म्हशीचा तर असा राग आला की विचारू नका.

चहा पिताना मात्र आत्ती लेकाकडे न बघताच म्हणाल्या, "माझं गोठ्यातलं लुगडं नेसून बघ रं. वासाला भुलंल ती."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी पदर तोंडाला लावला. पण आत्ती हसत नव्हत्या. इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी एवढा हट्ट कधी धरला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. नवऱ्याच्याही आलं असावं, कारण तो मुकाट्यानं "बरं" म्हणाला.

सोमवारी मी शिकवते ती शाळा सुटल्यावर तडक शहापूरच्या बाजारात गेले आणि एकसारखी दोन इरकली लुगडी घेतली, एक आत्तींना, एक आक्कांना. वॉशिंग मशीन पुढच्या भिशीला. पिशवी घेऊन घरी येताना मला स्वतःचं लग्न ठरल्यासारखं वाटत होतं.

मंगळवारी सकाळी नवं लुगडं नेसून आत्ती चिकोडीच्या गाडीत बसल्या. आक्कांचा मुलगा तिथं उतरवून घेऊन सदलग्याला नेणार होता. गाडी हलता हलता खिडकीतून म्हणाल्या, "संध्याकाळी फोन कर. न्हाय दिलं तर उद्या पहिल्या गाडीनं येतो."

संध्याकाळी नवऱ्यानं पँटवरूनच जुनं लुगडं गुंडाळलं, डोक्यावरून पदर घेतला आणि गोठ्यात शिरला. लेक दारातच हसून लोळायची बाकी होती, तिला मी दटावून आत पाठवलं. मग आत्तींना फोन लावला. म्हशीनं मान वळवली. पदर हुंगला, पुन्हा हुंगला. मग तिनं मान खाली घालून वैरणीत तोंड खुपसलं आणि बादलीत पहिली धार वाजली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण म्हैस बुजेल म्हणून गप्प राहिले आणि फोन तसाच बादलीजवळ धरला.

पलीकडून आत्तींचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता.

"आक्का, दिवा लाव गं. माझ्याकडं नीट बघ. आता शुक्रवारपतोर मी कुठं जात न्हाय."