सामाईक दगड

माझ्या नवऱ्याला नाणी जमवायचा नाद होता, आणि त्याच्या मित्राला त्याहून जास्त. दोघं पुण्याच्या हॉस्टेलवर एका खोलीत राहिलेले. अमेरिकेत आले तेही एकापाठोपाठ, आणि पिस्कॅटवेला एकाच कंपनीत चिकटले. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची ती वर्षं. शनिवारी हे दोघं जेवणाच्या टेबलावर नाणी पसरून बसायचे आणि मी नि मित्राची बायको स्वयंपाकघरात. तिच्यामुळे मला तो देश सोसला. माझ्या बाळंतपणाला आई येऊ शकली नाही, तेव्हा डिंकाचे लाडू तिने करून आणले. डिंक कुठून पैदा केला, कोण जाणे.

एका शनिवारी दोघं पेनसिल्व्हेनियात कुणा वारलेल्या नौदल अधिकाऱ्याच्या घरातलं सामान विकायला काढलं होतं तिथे गेले, आणि संध्याकाळी भाड्याचा ट्रक घेऊन परतले. ट्रकमध्ये एक दगड होता. पांढुरका, गोल, कमरेएवढा उंच, मधोमध भोक.

"जातं कशाला आणलंत?" मी विचारलं.

"जातं नाही, पैसा आहे!" नवरा म्हणाला. पॅसिफिकमधल्या एका बेटावरचा. तिथले लोक दूरच्या दुसऱ्या बेटावर जाऊन दगड कोरायचे आणि होड्यांतून आणायचे. लग्नात, जमिनीच्या व्यवहारात तो द्यायचा, पण जागचा हलवायचा नाही. आता हा अमक्याचा झाला, एवढं गावाला ठाऊक असलं की झालं. अधिकाऱ्याने तो युद्धानंतर आणला होता, आणि त्याच्या विधवेला आता घर रिकामं करायचं होतं.

दोघांनी निम्मे निम्मे पैसे घातले होते. मित्राचं अपार्टमेंट दुसऱ्या मजल्यावर, म्हणून दगड आमच्या मागच्या अंगणात आला. लॉन मी कापायची. दगडाभोवतीचं गवत मशीनने निघायचं नाही, ते गुडघ्यांवर बसून कात्रीने कापावं लागे. या दोघांपैकी एकानेही कधी ती कात्री हातात धरली नाही.

पुढे मित्राने वेस्ट विंडसरला घर घेतलं आणि सांगायला आला, "आता सहा महिने माझ्याकडे ठेवू."

"दगड हलवायचा नसतो," नवरा म्हणाला. "तिथली पद्धतच आहे."

"पद्धत पाळायची तर मालक मी, असं सगळ्यांसमोर सांग. राहू दे मग इथेच."

"अर्धा मालक."

"अर्धा म्हणजे कुठला रे? भोकाच्या डावीकडचा?"

नवरा हसला नाही. मित्र चहा तसाच टाकून गेला. गणपतीला सगळे घरून एकेक पदार्थ घेऊन जमायचे, त्या पॉटलकमध्ये त्याने भेटेल त्याला सांगितलं की याने माझा दगड गिळला. नवऱ्याने ऑफिसात सांगितलं की त्याचं प्रमोशन चमचेगिरीचं. मी मित्राच्या बायकोला फोन केला.

"यांना आवडत नाही तुझ्याशी बोललेलं," ती म्हणाली.

"आणि तुला?"

"देऊन का नाही टाकत तुम्ही तो दगड?"

"मला कोण विचारतंय?"

"मग मला तरी कोण विचारतंय?" तिने फोन ठेवला.

त्या वसंतात नवरा कामासाठी कॅलिफोर्नियाला गेला होता. दुपारी ड्राइव्हवेत ट्रक उलटा आत येताना ऐकू आला. मित्र होता, बरोबर सामान हलवणारी दोन धिप्पाड माणसं, ढकलगाडी, फळी आणि दोरखंड. मी बाहेर आले.

"भाऊजी, हे काय चाललंय?"

"वहिनी, तुम्ही आत जा. तुमचा काही संबंध नाही."

तो दगड मला डोळ्यांसमोर नको होता. त्याने नीट विचारलं असतं तर मी त्याला फळी धरायला मदत केली असती. पण हे वाक्य ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. आत गेले ती किल्ली घ्यायला. रस्त्यावर उभी असलेली माझी स्टेशन वॅगन आणून ड्राइव्हवेच्या तोंडाशी आडवी लावली, दारं लॉक केली आणि बसून राहिले. ट्रक आत, मी बाहेर. दगड उचला नाहीतर डोक्यावर घ्या.

तो बॉनेटवर हात आपटत ओरडला, "चोर आहात तुम्ही, दोघंही!"

मी काच बोटभर खाली केली. "गाडी माझ्या पगाराची आहे. हात काढा."

समोरच्या गोऱ्या बाईने पोलिसांना फोन केला. तीन वर्षांत तिने आम्हाला कधी हॅलो म्हटलं नव्हतं. कोवळा पोलीस आला, अंगणात जाऊन दगड बघून आला आणि विचारता झाला, हे काय आहे? मित्र म्हणाला, "मनी." पोलिसाने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मला विचारलं, तुमचे मिस्टर कुठे आहेत? भांडण कोर्टात न्या म्हणाला आणि मित्राला रिकामा ट्रक घेऊन जायला लावलं. समोरची बाई तिच्या पायरीवरून म्हणाली, "जिथून आलंय तिथे परत का नेत नाही?" ते दगडाबद्दल होतं की आमच्याबद्दल, मी विचारलं नाही.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. सगळं ऐकून त्याचा पहिला प्रश्न, "दगडाला चरा नाही ना पडला?" मी फोन आपटला. तो परत आल्यावर कितीतरी दिवस मी त्याच्याशी कामापुरतं बोलले, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नाही.

दोघांनी वकील केले, आणि शेवटी त्या वकिलांनी तो दगड एका डीलरला विकायला लावला. डीलरची माणसं न्यायला आली तेव्हा नवरा खिडकीत उभा होता आणि मित्र रस्त्यापलीकडे गाडीत, काचा वर करून.

पुढे एकदा इंडियन ग्रोसरीत मित्राची बायको भेटली. मेथी निवडत होती. मी म्हटलं, "कशी आहेस?"

"त्यांना पोलिसांसमोर उभं केलंस तू," ती म्हणाली.

"पोलीस मी नाही बोलावले."

"गाडी तूच आडवी घातलीस ना?"

"घातली."

"पुन्हा घालशील?"

"घालीन."

तिने हातातली जुडी परत ढिगावर टाकली आणि ट्रॉली वळवून निघून गेली. मी तिथल्याच दोन जुड्या घेतल्या, पैसे दिले आणि घरी आले. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही.