गवतातली उडी

सन १९३४. मी बावीस वर्षांचा होतो आणि मेडशीच्या शिवारातलं सारं मलेच समजते, असं माझं मत होतं. अजूनही आहे. श्रावणात गवताचा शेवटचा पट्टा मोडायले मी नांगराले बैल जुंपले, तर तितराचा पिंजरा खांद्यावर घेतलेला एक म्हातारा फासेपारधी आडवा आला.

"नको नांगरू, बाप्पा. आत तणमोर हाय."

"माह्या वावरात? माह्या बापानं तं कधी नाही पाह्यला."

"तुह्या बापानं कपाशी पाह्यली. माह्या आज्यानं इथं रेलगाडीच्या आंधी कोसभर गवतच पाह्यलं."

त्यानं मले हात धरून खाली बसवलं. थोड्या वेळानं गवतातून तो तणमोर, कोंबडीएवढा एक काळा पक्षी, पुरुषभर उंच उसळला, पंख फडफडवून तिथंच उतरला, अन् पुन्हा उसळला. म्हातारा तोंड दाबून हसत होता.

"कायले उड्या मारून राह्यला?" मी विचारलं.

"बायकोसाठी. तू नाही मारत?"

माझं नुकतंच लग्न झालेलं. मी लाजलो, पण हरलो म्हणालो नाही. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बैल गोठ्यातच ठेवले आणि बायकोले तणमोर दाखवायले घेऊन गेलो.