भाकरीची तबकडी

आई गेली तेव्हा मी रडलो नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, सुतक संपवणाऱ्या गंधमुक्तीच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं तेव्हाही नाही. लोक पाठीवर हात ठेवून म्हणायचे, रडून घे रे, मोकळा हो. मला मोकळं व्हायचंच होतं, पण आत काही हलतच नव्हतं. ताटावर बसायचो, पुढ्यात येईल ते खायचो, भूक अशी नव्हती. ऑफिसात सह्या करायचो, सायकलमध्ये हवा भरायचो. एवढंच ठाऊक होतं की एक गाणं आहे, ते लागलं की मी रडेन. आणि ते गाणं घरात उरलं नव्हतं.

ते कसं गेलं हे सांगायचं तर आधी तबकड्यांचं सांगावं लागेल.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर जळगावात गाण्याची तबकडी म्हणजे भंगार होती. लग्नातले लाउडस्पीकरवाले कॅसेटवर आले होते. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरांमधली अँग्लो-इंडियन कुटुंबं एकेक करून ऑस्ट्रेलियाला निघाली होती आणि त्यांचं मागे राहिलेलं सामान भंगारवाल्यांकडे यायचं. पलंग, केकचे साचे, कुत्र्याचा पट्टा आणि तळाशी तबकड्या. पहिली मी घेतली ती निव्वळ कव्हरवरच्या चित्रासाठी. जांभळा कोट घातलेला एक काळा माणूस, डोक्यावर टोपलीएवढे केस, आणि चेहरा असा की आत्ताच कुणाशी तरी भांडून आलाय. सोल काय, फंक काय, हे शब्द कव्हरच्या मागच्या बारीक मजकुरात वाचले. अर्थ सांगणारं कुणी नव्हतं. मग मीच ठरवलं, ज्यात माणूस जीव तोडून ओरडतो ते सोल आणि ज्यात ढोलवाला ऐकून घेत नाही ते फंक. पुढे जाणकार भेटले, पण मला माझी व्याख्या अजूनही बरी वाटते.

वाजवायचं मशीन मिळालं शिंदखेड्याला. तिथले एक आबा लग्नाला लाउडस्पीकर द्यायचे. धंदा बंद करून धुळ्याला मुलाकडे निघाले होते. त्यांनी मशीन एसटीच्या टपावरच्या कॅरिअरला स्वतःच्या हातानं बांधून दिलं. "जप रे भाऊ, म्हातारं शे ते," म्हणाले. त्याला वेग बदलायचा खटका होता. मोठ्या तबकड्यांना मिनिटाला तेहतीस फेरे, छोट्यांना पंचेचाळीस. मी खटका इमानेइतबारे बदलायचो.

गल्लीत हे ऐकणारा मी एकटाच. शेजारचे म्हणायचे, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. वडील वरणगावला नोकरीला, सकाळच्या गाडीनं जायचे ते दिवेलागणीला यायचे, त्यामुळे त्यांचा त्रास नव्हता. उरली आई. मशीन बाहेरच्या खोलीत आणि चूल आतल्या, मध्ये नुसती भिंत. पहिले काही दिवस ती आतून विचारायची, "अरे, याच्या पोटात दुखतंय का? ओवा दे त्याला." पुढे पुढे विचारणं थांबलं. मग एकदा पिठाचे हात घेऊन दारात आली आणि म्हणाली, "ती छोटी लाव ना. भाकरीची."

कुठली, ते मला लगेच कळलं. तपकिरी लेबलची छोटी तबकडी होती, मधलं भोक एवढं मोठं की मी त्यात लाकडाची चकती घासून बसवली होती. गाणाऱ्याचा आवाज जड, ओढल्यासारखा, खाली पाताळात गेलेला. आणि त्याखाली ढोलाचा एक ठोका. ठोका पडायचा, मग मोकळी जागा, मग पुन्हा ठोका. आई त्या ठोक्यावर परातीत भाकरी थापायची आणि मोकळ्या जागेत भाकरी फिरवायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कडा कुठे चिरलेली नाही. गाणं काय म्हणतंय हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही. ती म्हणायची, बाई गेलीय याची माहेरी, दुसरं काय.

वडिलांची मोठी बहीण, जिला आम्ही सगळेच अक्का म्हणायचो, पहूरहून यायची तेव्हा कपाळावर हात मारायची. "एक भाकर व्हायला एवढा वेळ? अगं, आम्ही इतक्यात खळं जेवू घालतो." आई म्हणायची, "गाणं संपेस्तोवर थांबा, अक्का." तिला घाई कशी ती नव्हतीच.

आई गेली वैशाखात. गच्चीवर तिच्या कुरडया वाळत होत्या. मी आणि वडील अस्थी घेऊन नाशिकला गेलो. इकडे अक्कानं घर धुवायला काढलं. आमच्याकडे सुतक फिटायचं तर घरातली चीजवस्तू धुवावी लागते. भांडी, अंथरुणं, पाट, देवाचे टाक, कपाटातल्या न वापरलेल्या साड्यासुद्धा. न धुता काही ठेवायचं नाही, गेलेल्या जिवाचा पाय घरात अडकतो म्हणे. अक्का कुठल्या कामात अर्धवटपणा करणारी बाई नव्हती. तिनं माझ्या सगळ्या तबकड्या कव्हरातून काढल्या, सोड्याच्या पाण्यात घालून काथ्यानं घासल्या, दोन्ही बाजूंनी, आणि गच्चीवर पत्र्याला टेकवून उन्हात ठेवल्या. जळगावचं वैशाखातलं ऊन.

मी मुंडण केलेलं डोकं घेऊन गच्चीवर गेलो तेव्हा त्या तळलेल्या पापडासारख्या वळल्या होत्या. काही पत्र्यालाच चिकटल्या होत्या. कव्हरं भिजून लगदा झाली होती, ती तिनं चुलीच्या सरपणात टाकली. पलीकडे कुरडया मात्र छान वाळल्या होत्या.

"बठ्ठं धुतलं रे बाप्पा, काहीच सोडलं नाही," अक्का म्हणाली. तिचे हात सोड्यानं सोलवटले होते. "तुझ्या त्या काळ्या ताटल्यासुद्धा. तिचा जीव होता ना त्यांच्यावर."

मी म्हणालो, "बरं केलं, अक्का." आणि खाली येऊन चहा घेतला. राग आला नाही. कशाचंच काही वाटलं नाही, आणि हे काही वाटत नाही याचीही भीती वाटली नाही. एवढ्या वर्षांत जमवलेलं सगळं गेलं होतं. मला फक्त तपकिरी लेबलवालीच हवी होती, आणि ती मधोमध दुमडली होती.

तशी दुसरी मिळणं कठीण होतं. भुसावळचे भंगारवाले धुंडाळले, ज्याला त्याला लेबलचा रंग सांगून बघितला. लोक मान हलवायचे. घरात वर्षभर गाणंबजावणं वर्ज्य होतं, पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आईच्या नावाची घागर भरेपर्यंत. म्हणजे मिळाली असती तरी घरात वाजवता आली नसती. तरी मी शोधत होतो. रविवारी दुसरं करायचं काय, हाही प्रश्न होताच.

मग आबा आठवले. एवढी वर्षं तबकड्या हाताळलेला माणूस, काही तरी राखून ठेवलं असेल. आषाढ लागल्यावर एका रविवारी एसटीनं धुळ्याला गेलो. आबा थकले होते, पण त्यांनी ओळखलं. माझं डोकं बघितलं. केस अजून बारीकच होते.

"कोन गयं?" त्यांनी विचारलं.

"आई."

त्यांनी मला जवळ बसवलं. सुनेला चहा टाकायला सांगितलं. तबकडीचं सांगितल्यावर पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली. भुसावळच्याच एका रेल्वे गार्डानं जाताना त्यांना काही तबकड्या दिल्या होत्या, इंग्रजी म्हणून लग्नात कधी लागल्या नाहीत. तपकिरी लेबल वरून तिसरंच होतं. मी नुसता बघत राहिलो.

आबांकडे चांगलं मशीन होतं, स्वतःसाठी ठेवलेलं. त्यांनी तबकडी पुसली, खटका पंचेचाळीसवर केला, सुई टेकवली.

एक मुलगी गायला लागली. विशीतली असावी. आवाज पातळ, हसरा, आणि ढोल असा पळत होता की जणू बसमागे धावतोय. मी म्हणालो, "आबा, ही नव्हे."

"हाईच शे. लेबल देख."

लेबल तेच होतं. मी त्यांना सांगितलं, की माझ्याकडे हे गाणं पुरुष गायचा, हळू, जड. आबांनी खटक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "तुले दिन्हं व्हतं ना, त्या मशीनमधलं चाक घसायेल व्हतं. खटका फिरे, पन मशीन तेहतीसवरच चाले. तुले माहीत नही व्हतं का?"

नव्हतं. कळणार कसं? ही गाणी मी दुसरीकडे कुठे ऐकलीच नव्हती. म्हणजे आईनं आणि मी एवढी वर्षं हळू फिरणाऱ्या तबकडीवर जे ऐकलं, ते गाणं जगात कुणी गायलंच नव्हतं.

"आबा," मी म्हणालो, "खटका खाली करता का?"

त्यांनी केला. मुलगी खाली खाली जात पाताळात पोचली. ठोका पडला. मोकळी जागा आली. पुन्हा ठोका पडला. मी तयार होऊन बसलो होतो, आता येईल रडू म्हणून. आलं नाही. आली ती भूक. पोटातून, ओरबाडत, आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"आबा, घरात भाकर आहे का?"

त्यांनी आत हाक मारली. सुनेनं परात ओढल्याचा आवाज आला, पीठ मळल्याचा आला, आणि मग तिनं भाकरी थापायला घेतली. भरभर, कामाच्या बाईचा सराईत हात, जशा सगळ्याच बायका थापतात. आबांनी तबकडी पुन्हा सुरुवातीला लावली. मी कान देऊन ऐकत होतो. भिंतीपलीकडची थाप पुढे निघून जात होती आणि ठोका मागे राहत होता. एकदाही जुळलं नाही.

भाकरी पानात आली तेव्हा मी हुंदके देऊन रडत होतो. आबांनी मशीन बंद केलं नाही. दारात थबकलेल्या सुनेला म्हणाले, "ऱ्हाऊ दे. दूध आन."