मिठाच्या पाण्यावरची शेगडी

त्या पडवीतला वास अजून माझ्या नाकात आहे. मी चौथी शिकलेली. खाडीकाठच्या पोलीस ठाण्यात मी झाडलोट करायचे. आता निवृत्त आहे. त्या दिवशी महिला शिपाई रजेवर होती आणि चौकशी बाईमाणसाचीही होती, म्हणून साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं.

खबर शेजाऱ्याची होती. मिठागरावर काम केलेला एक म्हातारा पडवीत काहीतरी बनवतो, वासाने डोळे झोंबतात, नशेचा माल असणार.

पडवीत काचेची बरणी होती. छपरावरच्या सोलरच्या दोन तारा तिच्यात सोडलेल्या. तारांभोवती बारीक बुडबुडे सावकाश वर येत होते, जणू पाणी झोपेत श्वास घेत होतं. एका तारेवरची नळी छोट्या शेगडीला जोडली होती.

"काय बनवतोस?" साहेबांनी विचारलं.

"पाण्याचा गॅस, साहेब. घरच्या बायकोला चुलीचा धूर सोसत न्हाय."

"आता खाडी पेटवणार काय?"

"खाडी कशाला? दोघांचा चहा झाला म्हंजे बास."

त्याने शेगडी पेटवून दाखवली. उन्हात जाळ दिसेना. गवताची काडी धरली तेव्हा ती पेटली. साहेबांना पटलं नाही. त्यांनी पंच बोलावले, बरणी जप्त करून म्हाताऱ्याला ठाण्यात न्यायचं ठरवलं आणि मला त्याच्या बायकोकडे पाठवलं.

ती परसात बसली होती. मला प्रश्न विचारता येत नाहीत, मी नुसती शेजारी बसले. ती पदर तोंडाला लावून खोकली.

"बाय, धुरापरीस या वासानंच जास्त खोकते मी. पन त्यांना सांगू नको. लई हौसेनं केलंय."

तिच्या पदराला तोच वास होता. इतकी वर्षं ठाण्याचे संडास मीच धुतले. तो ब्लीचिंग पावडरचा वास होता.

साहेबांपुढे मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पण म्हाताऱ्याला जीपमध्ये चढवत होते. मी वासाचं सांगितलं. मग तिच्या खोकल्याचंही सांगावं लागलं.

"पाण्यात काय घालतोस?" साहेबांनी विचारलं.

"मीठ. मिठाबिगर पाण्याला जोर चढत न्हाय."

साहेबांनी हायस्कूलच्या विज्ञानाच्या मास्तरांना फोन लावला. पाण्यात वीज सोडली की जळणारा गॅस निघतो हे खरं, पण मीठ घातलं तर दुसऱ्या तारेवर विषारी क्लोरीन निघतो, असं मास्तर म्हणाले. साहेबांनी जबाब लिहून घेतला, समज दिली आणि त्याला सोडलं.

बायको परसातून पुढे आली होती. म्हातारा तिच्याकडे वळला.

"बोलली का न्हाईस?"

"तुमी बुडबुड्यांकडं बघत बसायचात. मला बरं वाटायचं."

त्याने स्वतःच तारा काढल्या.

माणसं स्वतःला वाचवायला बोलायचं टाळतात, हे मी ठाण्यात रोज पाहिलं होतं. दुसऱ्याचा आनंद मोडू नये म्हणूनही कुणी गप्प राहतं, हे त्या परसात कळलं. तिने गप्प राहायला सांगितलेलं मी पाळलं नाही, याची रुखरुख मात्र राहिली.

पुढे एकदा बाजाराला जाताना मी तिथून गेले. चूल अंगणात आणली होती. म्हातारा डोळे पुसत फुंकणी फुंकत होता. ती लांब, धूर येणार नाही अशा बाजूला बसून त्याच्याकडे बघत होती. मला पाहून तिने बसायला पाट पुढे सरकवला.