मामाच्या हातचा पहिला घास

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — तुम्ही माझ्या बहिणीला ओळखत नाही, म्हणून असेल.

मीरा वडवणीला दिलेली. तिच्या सासरी मुलीचं उष्टावण विषम महिन्यातच करतात — पाचवा, सातवा, नववा — आणि पहिला घास मामाच्या हातचा. तोवर दुधाशिवाय लेकराच्या तोंडात भाताचं शीतही जात नाही. पाचव्यात तिच्या लेकीला, ओवीला, ताप होता, म्हणून सातवा ठरला. मामा मी एकटाच.

मी बीडला कॉलेजात शिकवतो. शाली, नारळ, फ्लेक्सवरचे हात जोडलेले चेहरे — यांवर मी आयुष्यभर हसत आलो. नाव खाली छापलं म्हणून रुसणारी माणसं तर मला फारच गमतीची वाटत. तर सातव्या महिन्याचं निमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं. त्यात सरपंच होते, सरपंचांचे बंधू होते, गावातले झाडून सगळे दादा-भाऊ होते. मामाचं नाव नव्हतं. हसायला हवं होतं ना मी? मी कळवलं — परीक्षा आहेत, जमणार नाही.

परीक्षा नव्हत्या.

सातवा हुकला की थेट नववा, हे मला माहीत नव्हतं का? होतं. मीराचा फोन आला. "दादा, तुजं नाव ऱ्हायलं ते चुकलंच त्यांचं. पण लेकरू ताटाकडं झेप घेतंय रे. तू नुसतं सासूबाईंला म्हण — मी येईन तवा येईन, तुमी भरवायला सुरू करा. मामाचा शब्द त्या मोडायच्या न्हाईत."

एक फोन. एवढंच मागितलं होतं तिनं. मी म्हणालो, बघू. मला वाटत होतं, आधी दाजींनी दारात येऊन बोलवावं. मग मी मोठ्या मनानं जाणार होतो — काय बोलायचं तेही ठरलेलं होतं.

नववा आला. दाजी मीराच्या फोनवरून बोलले. "मामाला काय वेगळं आवतन द्यायचं? या की." मी गेलो नाही. उष्टावण पुन्हा राहिलं.

त्यानंतर मीरा एकदाच बोलली. "आता ती ताटाकडं बघत बी न्हाई, दादा. सासूबाई म्हणत्यात, शहाणी झाली." — ऐकलं मी ते. नीट ऐकलं. आणि विषय बदलला.

मग ओवीला बीडला दवाखान्यात आणलं. तळहात मेणासारखे. सुई टोचली तरी रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली. आत लाली म्हणून नव्हती. रक्त चढवायला घेतलं. "सहा महिने पूर्ण झाले की मऊ वरणभात, दिवसातून दोन-तीनदा — एवढं कुणी सांगितलं नाही का?" दाजींनी सासूबाईंकडे पाहिलं, सासूबाईंनी मीराकडे. आणि मी — मला कुणी विचारलंही नव्हतं — म्हणालो, "मी सांगितलं होतं हिला फोनवर. सुरू कर म्हणून."

सासूबाई मीरावर फिरल्या. "मामाचा निरोप दाबून ठेवलास व्हय गं?"

मीरानं माझ्याकडे पाहिलं. मला अजून वाटतं, ती वाट बघत होती. मग म्हणाली, "व्हय. म्हणला होता दादा."

ओवी वाचली. शाळेत जाते, इतर पोरी पळतात तेव्हा ही कडेला बसते. त्या घरात मीराचा शब्द मात्र त्या दिवशी संपला. पुढं तिला मुलगा झाला, तर त्याला काय भरवायचं, कधी भरवायचं, हे सासूबाई मला फोन करून विचारायच्या. तिच्या लेकराबद्दल — मला. मी सांगायचो. अगदी व्यवस्थित.

परवा वडवणीला गेलो होतो. शेजारची बाळंतीण लेकराला घेऊन आली होती. मीरा तिला म्हणाली, "सहा महिने झाले की भरवाय लाग गं, कुणाची वाट बघू नको. मला दादानं सांगितलं होतं. मीच ऐकलं न्हाई."

ती मला टोचून बोलत नव्हती. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. तिला आता तसंच आठवतं.

त्या बाळंतिणीनं माझ्याकडे आदरानं पाहिलं. मी मान डोलावली.